भावाला माफ केलं तर केस मागे घ्यावीच लागते का?

प्रश्न : प्रभूच्या नावाने सलाम, दादा. वडील गेले, त्यानंतर आई आजारी होती, त्या धावपळीत मोठ्या भावाने माझ्याकडून काही पेपरांवर सह्या घेतल्या, म्हणाला नुसती फॉर्मॅलिटी आहे. सहा महिन्यांनी कळलं की घरातला माझा हिस्सा मी स्वखुशीने सोडलाय असं त्यात लिहिलं होतं. पास्टरांकडे तीन वेळा गेले, ते म्हणाले घरातलं घरात मिटवा. मग कोर्टात गेले. ४ वर्षं झाली, भावाशी बोलणं बंद. आता दोन महिन्यांपूर्वी त्याने चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष दिली की प्रभूने मला बदललं, मी माझ्या बहिणीची क्षमा मागतो. लोक रडले. त्याच रात्री मला मेसेज, झालं गेलं विसरून जाऊ, तेवढी केस मागे घे. हिश्शाबद्दल एक अक्षर नाही. आता आई, मावशी, पास्टर सगळे मागे लागलेत. पास्टर म्हणतात साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची, तुम्ही केली नाही तर देवही तुम्हाला करणार नाही. मी प्रार्थनेत 'माफ केलं' म्हणते, पण झोप लागत नाही आणि मनात येतं की त्याच स्टेजवर सगळ्यांसमोर त्याची फजिती व्हावी. प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेणं मी बंद केलंय. मी वाईट ख्रिश्चन आहे का? केस मागे घेऊ का?
— एक बहीण

उत्तर :

ताई, सलाम. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडालीये असं दिसतंय. केस आत्ता मागे घेऊ नका, निदान ह्या मेसेजवर तरी नाही. आणि हे मी बायबल कपाटात ठेवून सांगतोय असं समजू नका, बायबल समोर उघडंच आहे.

पास्टरांनी तुम्हाला जे ऐकवलं ते मत्तय १८ मधलं, म्हणजे मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) १८व्या अध्यायातलं. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, माझ्या भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि येशू म्हणतो सात नाही, साताच्या सत्तर वेळा. (काही भाषांतरांत ७७ येतं, पण मोजत बसायचं नाही हा मुद्दा दोन्हीकडे तोच. आणि उत्पत्ती ४ मध्ये लामेख नावाचा माणूस ७७ पट सूड घेईन अशी फुशारकी मारतो, येशूने बहुतेक तोच आकडा उचलून उलटा फिरवलाय, मला हे फार आवडतं.) पण हा प्रश्न येतो २१व्या वचनात. थोडं वर, १५व्या वचनापासून तोच येशू काय सांगतो बघा, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर एकटा जाऊन त्याला त्याची चूक दाखव, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला, म्हणजे चर्चला, सांग. म्हणजे मोजू नकोस म्हणणाऱ्यानेच आधी तोंड उघडायला सांगितलंय. तुम्ही मंडळीपर्यंत गेला होतात, एकदा नाही तीनदा, आणि तिथून तुम्हाला परत पाठवलं. तेव्हा तुम्ही थेट कोर्टात पळालात असं जर कुणी म्हणत असेल तर ते खरं नाहीये.

आता त्याच्या लगेच पुढे येशू सांगतो ती गोष्ट, कर्जबाजारी नोकराची. ती सुरूच होते राजा हिशोब घ्यायला बसतो इथून. मला वाटतं अख्ख्या प्रकरणात तुमच्या घरच्यांना हाच शब्द नकोय. त्यांना हिशोब न मांडताच माफी हवीये. राजा असं म्हणत नाही की जाऊ दे रे, काय एवढं, तो नोकराच्या कर्जाचा आकडा काढतो, दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली, एक माणूस दीड लाख वर्षांहून जास्त राबला तरी फिटणार नाही एवढं कर्ज. ते तो सोडतो. आणि मग तोच नोकर बाहेर येऊन १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. उपदेशात नेहमी ह्या १०० दीनारांना 'क्षुल्लक' म्हणतात, मीही संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षं तसंच शिकवलं, आणि नंतर एक दिवस डोक्यात प्रकाश पडला की अहो ही तीन-चार महिन्यांची कमाई आहे, ज्याची बुडते त्याला विचारा क्षुल्लक आहे का. येशूने मुद्दाम अर्धा दीनार म्हटलेलं नाही. दुसऱ्याने आपलं केलेलं नुकसान खरं असतं, मोठं असतं, फक्त देवाने आपलं सोडलेलं त्यापुढे कैकपटीने मोठं असतं, एवढंच तो सांगतोय. तुमचा हिस्सा हे तुमचे १०० दीनार आहेत. ते नाहीतच, असं म्हणायची गरज नाही.

अजून एक गोष्ट त्याच कथेतली, ही सहसा कुणी वाचून दाखवत नाही. तो गळा धरलेला सोबती काय म्हणतो? मला थोडा वेळ द्या, मी फेडीन. तो विसरून जा म्हणत नाही, देणं आहे हे मान्य करतो. तुमच्या भावाने निदान एवढं तरी म्हटलंय का? मेसेज परत वाचा.

मग क्षमा म्हणजे नक्की काय, हा प्रश्न राहतोच. शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द जास्त करून येतो तो 'अफिएमी', सोडणं, जाऊ देणं, कर्ज सोडणं ह्याच अर्थाचा. मला तो गळ्यावरच्या हातावरून समजतो. सोडायचा तो हात. त्याला बरबाद झालेलं बघायची इच्छा, रात्री दोन वाजता डोक्यात चालणारे डायलॉग, त्याच्या मुलांनाही काही चांगलं होऊ नये असं वाटणं, ते सगळं. हे त्याने माफी मागितली नाही तरी सोडता येतं, आणि हेच तुमच्या हातात आहे. पण संबंध परत जुळणं ही वेगळी गोष्ट, त्याला दोघं लागतात. लूक १७ मध्ये येशू सरळ म्हणतो, भावाला त्याचा दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. तो 'तर' वगळून वाचायची आपल्याला सवय लागलीये. आणि तिसरी गोष्ट म्हणजे येणं, म्हणजे त्याच्याकडून मिळायचं ते, सोडणं. तुमचं जे येणं आहे त्यात सूट द्यायची की नाही हे ज्याचं येणं असतं तोच ठरवतो, देणेकरी नाही ठरवत, आणि पास्टर तर नाहीच नाही. तुम्ही उद्या स्वखुशीने म्हणालात की अर्धा हिस्सा सोडते, तर ती दया, फार मोठी गोष्ट. पण मावशीच्या फोनला कंटाळून सोडलात तर त्याला मी दया म्हणणार नाही, ती परत एकदा घेतलेली सहीच झाली.

भावाच्या साक्षीबद्दल. त्याचे अश्रू खोटे आहेत असं मी म्हणणार नाही, मी तिथे नव्हतो आणि असतो तरी मला कुणाच्या मनातलं दिसत नाही. पण जक्कयाची गोष्ट लहानपणापासून पाठ आहे आपल्याला, झाडावर चढला, येशू घरी गेला, आणि मग तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण (मुक्ती) मिळालं. जक्कयाने साक्षही दिली आणि आकडाही सांगितला, एकाच श्वासात. आणि त्याच्याही आधी, लेवीय ६ मध्ये नियमच आहे की शेजाऱ्याला फसवून काही घेतलं असेल तर जितकं घेतलं तितकं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा जास्त, आणि हे ज्याचं त्याला द्यायचं ज्या दिवशी देवापुढे दोषार्पण (अपराधासाठीचं अर्पण) आणशील त्याच दिवशी. मत्तय ५ मध्ये तर येशू म्हणतो अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. तुमच्या भावाने क्रम उलटा केला, आधी स्टेज, मग बहीण, तीही मेसेजवर. कदाचित त्याला खरंच कुणी शिकवलं नसेल. टाळ्या वाजवणाऱ्या एकाने तरी विचारायला हवं होतं, बाबा, परत काय देणार आहेस?

योसेफाचं उदाहरण तुम्हाला घरचे देतच असतील, भावांनी विकलं तरी माफ केलं वगैरे. हो केलं. पण कसं केलं ते उत्पत्ती ४२ ते ४५ सलग वाचून बघा. १७ वर्षांचा असताना २० रुप्याच्या नाण्यांना विकलेला मुलगा, भावांची गाठ पडते तेव्हा चाळिशीला आलेला, हातात सगळी सत्ता, आणि तो लगेच मिठी मारत नाही. त्यांना तीन दिवस कोठडीत ठेवतो, त्यांच्यातल्या शिमोनाला अडकवून घेतो, आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला, बन्यामिनाला, आणायला लावतो, त्याच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवतो, आणि मधूनमधून आत जाऊन रडतो. सूड घ्यायचा असता तर पहिल्याच दिवशी घेता आला असता. त्याला बघायचं होतं की आईच्या दुसऱ्या मुलाला हे लोक पुन्हा असेच टाकून जातात का. आणि मग भावांतला यहूदा पुढे येतो, योसेफाला विकून टाकू म्हणणारा तोच यहूदा, आणि म्हणतो, मुलाला जाऊ द्या, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा. त्या वाक्यावर योसेफाचा बांध फुटतो. माझ्या मते क्षमेबद्दल जुन्या करारात (बायबलच्या पहिल्या भागात) ह्याहून खोल काही नाही. मन आधीच मऊ होतं, पण दार उघडलं ते माणूस बदललाय हे दिसल्यावर.

आता जी वचनं तुमच्या सोयीची नाहीत तीही बघू, नाहीतर मीही पास्टरांसारखंच अर्धं वाचून दाखवलं असं होईल.

एक, तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा पिताही करणार नाही, हे मत्तय ६ मध्ये आहे, खरंच आहे, आणि त्यातून पळवाट नाही. पण ते तुमच्या मनाबद्दल आहे. केस चालू आहे म्हणजे क्षमा नाही असं त्यात कुठे आहे?

दोन, १ करिंथ ६, विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर कोर्टात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. हे तुम्हाला कुणीतरी पाठवणारच, पाठवलं नसेल तर येईल. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे खरंच रागावलेला आहे. पण तो असंही विचारतो की तुमच्यात भावाभावांतला निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही का. आणि पुढच्याच ओळीत म्हणतो, उलट तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. म्हणजे मंडळीने निवाडा करायचा, टाळायचा नाही. हाच पौल फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकला गेला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडायला लागले तेव्हा म्हणाला, चोरून नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. पुढे तर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. कायद्याचा आधार घेणं म्हणजे विश्वास कमी, असं त्याला वाटत नव्हतं.

तीन, आणि हे तुम्हाला टोचेल. लूक १२ मध्ये एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. अगदी तुमचीच केस. आणि येशू म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं, आणि वळून सगळ्यांनाच सांगतो, लोभापासून सांभाळा. तो भाऊ बरोबर होता की चूक ते येशू सांगतच नाही. मी ह्या उताऱ्यापाशी दरवेळी अडखळतो. तुम्हाला एवढंच विचारतो, उद्या हिस्सा पूर्ण मिळाला, तर तुमचं संपेल का? की तरीही तो स्टेजवर खाली मान घालून उभा दिसायला हवा? हिस्सा मागणं लोभ नाही, गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सगळ्या मंडळीसमोर मोशेपुढे उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात आणि परमेश्वर म्हणतो मुलींचं म्हणणं बरोबर आहे. म्हणजे मागायला हरकत नाही. पण ती फजितीची इच्छा हिश्शात धरलेली नाही, तो गळ्यावरचा हात आहे, तो काढावा लागेल.

कसा काढायचा? 'माफ केलं माफ केलं' जपून नाही निघत, मला माहितीये, मी एका जुन्या पार्टनरबद्दल हे अकरा वर्षं म्हणत होतो आणि त्याचं नाव निघालं की घास गिळवत नव्हता. मला उपयोग झाला तो स्तोत्रांचा, आणि गोड स्तोत्रांचा नाही, १०९ सारख्या, जिथे दावीद शत्रूबद्दल अशी भाषा बोलतो की उपासनेत कुणी मोठ्याने वाचत नाही. ते शाप तो शत्रूच्या दारात जाऊन देत नाही, देवापुढे ओततो. तुम्हीही ओता. देवा त्याची फजिती कर, असंच म्हणा, शुद्ध भाषेत नको. रोम १२ मध्ये सूड घेणं माझ्याकडे आहे असं प्रभू म्हणतो, तर मग ती फाइल त्याच्या टेबलावर ठेवायची म्हणजे आधी फाइल आहे हे कबूल तर करायला हवं. एका रात्रीत होत नाही, काही आठवड्यांनी एखाद्या दिवशी लक्षात येतं की आज आठवण आली पण पोट ढवळलं नाही.

'घरातलं घरात' ह्याबद्दल मात्र मला राग आहे. २ शमुवेल १३ मध्ये अम्नोन सावत्र बहीण तामारेवर बलात्कार करतो आणि तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला काय सांगतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नको. दावीद राजा, बाप, संतापतो आणि काहीच करत नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाला मारून टाकतो, पुढे बापावरच उठतो. न्याय न करता शांतता ठेवायला गेले आणि घरच गेलं. (हे वाचणारं कुणी घरात मार खात असेल, तर क्षमेच्या नावाखाली तिथे परत जाऊन राहू नका. आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांना सांगा. मन कधी मोकळं व्हायचं ते नंतर बघता येईल.)

आणि क्षमा केल्यावर पूर्वीसारखं एकत्र बसायलाच हवं का? याकोब आणि एसाव हे दोघे भाऊ, हक्काच्या भांडणात ज्यांची ताटातूट झाली, ते वीसेक वर्षांनी भेटतात, गळ्यात पडून रडतात, आणि एसाव म्हणतो चल बरोबर, याकोब म्हणतो तू हो पुढे मी मुलाबाळांच्या चालीने तुझ्या मुलखात, सेईरला, येतो, आणि जातो सुक्कोथला. थोडी थापच मारली म्हणा ना. नंतर ते एकत्र दिसतात ते बापाला पुरायला. पौल आपल्या शेवटच्या पत्रात, २ तीमथ्य ४ मध्ये, एका दमात दोन गोष्टी लिहितो, आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, तूही त्याच्यापासून जपून राहा, आणि जे मला सोडून गेले त्यांच्याकडे तो दोष मोजला जाऊ नये. जपून राहणं आणि दोष न मोजणं, एकाच पानावर.

आता काय करायचं ते. भावाला पत्र लिहा, मेसेज नको. त्यात 'तू नेहमीच असा' वगैरे काही नको, फक्त काय झालं, कधी झालं, कोणत्या पेपरवर सही होती, तुमचा हिस्सा किती, आणि तुला परत काय करता येईल ते तू सांग. लिहा की तुझं वाईट व्हावं ही इच्छा मी रोज देवाकडे सोडतेय, अजून पूर्ण सुटलेली नाही. खोटं कशाला लिहायचं. पाठवायच्या आधी वकिलाला दाखवा, केस चालू असताना कागदावरचा शब्द उलटा फिरू शकतो. मग मंडळीतल्या दोघांसमोर बसायची तयारी दाखवा, तुमच्या पास्टरांना ह्यात धरू नका, त्यांनी आधीच एक बाजू घेतलीये, दुसरी कुणीतरी वडीलधारी माणसं बघा ज्यांना आकडे ऐकायची लाज वाटत नाही. त्याने लेखी काही कबूल केलं, तर वकिलाशी बोलून केस मिटवायचा मार्ग काढा, आणि तिथे तुम्हाला वाटलं तर सूट द्या, मन भरून द्या. मुदत मागितली तर नक्की द्या, कथेतल्या त्या नोकराने ती दिली नव्हती. काहीच कबूल केलं नाही तर केस चालू द्या, आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही चालू द्या, दोन्ही होतं.

प्रभुभोजन येत्या वेळी घ्या. पहिल्या प्रभुभोजनात येशूच्या हातून भाकर घेणाऱ्यांत त्याला तीनदा नाकारणारा पेत्र होता, आणि लूकच्या सांगण्यावरून बघितलं तर येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योतही मेजावर होताच. तुम्ही वाईट ख्रिश्चन नाही, थकलेल्या आहात. भाऊ त्याच रांगेत असेल तर बाजूला उभं राहायची सक्ती नाही, दुसऱ्या टोकाला उभ्या राहा.

आईशी वाद घालू नका, ती दोन्ही लेकरांच्या मध्ये उभी आहे. तिला एवढंच सांगा की आई, मी त्याच्याशी बोलायला तयार आहे, पत्र लिहिलंय, आता त्याला म्हण उत्तर दे. म्हणजे पुढचा फोन ती तुम्हाला न करता त्याला करेल.

आणि ते पत्र लिहून झालं की दोन दिवस ठेवून द्या, मग एकदा मोठ्याने वाचा. ज्या वाक्याला आवाज चढला ते खोडा.